रिकाम्या पुंगळीचे पुनर्भरण : अमेरिकेतील एका हस्तकौशल्याचा व त्यातील आनंदाचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाला 'काडतूस' या शब्दासरशी १८५७ हे वर्ष आठवते. गाई-डुकराच्या चरबीचा वाद आपण वर्गात दरवर्षी शिकवितो. त्या प्रकरणातील एका तपशिलाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. जानेवारी १८५७ मध्ये, वाद नुकताच सुरू झाला असता, सरकारने असा आदेश काढला होता की काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण बाजारातून आणून स्वतःच्या हाताने लावावे. ही सवलत निरुपयोगी ठरली. संशय तोवर वंगणावरून कागदावर गेला होता. तरीही काडतूस कोणाच्या हातून तयार होते, या प्रश्नाला किती महत्त्व असू शकते हे त्या आदेशावरून कळते.

प्रस्तुत लेखाचा विषय वेगळ्या देशातील व बऱ्याच शांत स्वरूपाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी जपून ठेवून ती साध्या हातहत्यारांनी पुन्हा भरण्याची प्रथा रूढ झाली. कारखान्यात तयार झालेले उत्तम काडतूस दुकानात मिळू लागले, नंतर पुनर्भरणासाठीही वेगवान यंत्रे आली, तरी अडकित्त्यासारखे दिसणारे जुने हत्यार घेऊन एकेक काडतूस भरणारी माणसे राहिलीच. ती हे काम आनंदासाठी करतात असे सांगतात. हा आनंद कोठून येतो आणि तो कोणाच्या वाट्याला आला, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे. शस्त्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा युद्धांच्या अंगाने लिहिला जातो. हत्यार हाती नसतानाच्या वेळात, टेबलापाशी बसून केलेल्या कामाचा इतिहास त्यात येत नाही.

टोपीचे दोन प्रकार

ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि टोपी या तिन्ही गोष्टी बंदूकधारी प्रत्येक बाराला स्वतःच भरीत असे. आपल्या भाषेतील 'बार भरणे', 'ठासून भरणे', 'फुसका बार' हे शब्दप्रयोग त्याच काळाचे अवशेष आहेत. १८६० च्या दशकात पितळी पुंगळीचे काडतूस स्थिरावले आणि भरण्याचे काम बंदूकधाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले. पुंगळीच्या बुडाशी मधोमध स्फोटक टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी अशी ही बंद वस्तू होती. विकत घ्यावी, झाडावी आणि फेकून द्यावी, हा तिचा स्वाभाविक जीवनक्रम दिसतो.

परंतु या चार घटकांपैकी सर्वांत महाग असलेली पुंगळी बार उडाल्यानंतरही शिल्लक राहते. दारू जळते, गोळी जाते, टोपी निकामी होते. पितळ मात्र थोडे फुगते, एवढेच. त्याला मूळ मापावर आणले, जुनी टोपी काढून नवी बसविली, तर काडतूस पुन्हा तयार होते. उपभोग्य वस्तूतच तिच्या पुनर्निर्मितीची शक्यता राहून गेली होती.

ही शक्यता सर्वत्र सारखी सुलभ नव्हती. १८६६ मध्ये टोपीच्या रचनेचे दोन एकस्व अधिकार घेतले गेले. अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचे नेतृत्व केलेले हायरम बर्डन यांनी टोपीच्या आघातासाठी लागणारी ऐरण पुंगळीच्याच बुडाशी घडविली. त्यामुळे दारूकडे ज्वाला नेणारी छिद्रे मध्यापासून बाजूला गेली. इंग्लंडमध्ये वूलिच येथील शाही प्रयोगशाळेचे एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीतच ठेवली आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र दिले. पुढे इतिहासाने मोठी गंमत केली. अमेरिकन बर्डन यांची रचना युरोपात रूढ झाली आणि इंग्रज बॉक्सर यांची अमेरिकेत. बॉक्सरच्या पुंगळीत आतून एक सुई घालून ठोकली की वापरलेली टोपी बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीत ती बाहेरून उचकटून काढावी लागते. घरगुती पुनर्भरण अमेरिकेत फोफावले त्याची कारणे सांगताना तेथील विस्तीर्ण सीमाप्रदेश, स्वावलंबनाची परंपरा, शस्त्र बाळगण्याचा हक्क यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. तथापि मधोमध पडलेल्या या एका छिद्राचा वाटा त्या थोर कारणांहून कमी मानू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गवताळ प्रदेशातील धंदा

१८७१ च्या सुमारास रानगव्याच्या, म्हणजे बायसनच्या, कातड्यापासून यंत्रांच्या पट्ट्यांसाठी टिकाऊ चामडे कमावण्याची पद्धत साध्य झाली. त्यानंतर कातड्यांसाठी शिकार करणाऱ्यांच्या टोळ्या अमेरिकेच्या गवताळ मैदानांत उतरल्या. कॅन्ससमधील डॉज सिटी हे त्यांचे मोठे केंद्र होते. शार्प्स व रेमिंग्टन या बनावटीच्या जड रायफली त्यांच्या हाती होत्या. हे शिकारी दारू आणि शिसे घाऊक विकत घेत, आणि रात्री तळावर शेकोटीपाशी गोळ्या ओतून रिकाम्या पुंगळ्या भरीत. तयार काडतुसे महाग पडत आणि शेकडो मैलांच्या मोहिमेत वेळेवर मिळतीलच याची शाश्वती नसे.

दक्षिणेकडील कळप १८७० च्या दशकात आणि उत्तरेकडील १८८३ पर्यंत संपले. विल्यम हॉर्नडे यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संपूर्ण खंडातील उरलेल्या बायसनांची संख्या सुमारे एक हजारच भरली. पूर्वी ती कोट्यवधींत होती. बायसनवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमातींचा जीवनाधार त्याबरोबर गेला. पुनर्भरणाच्या हौशी वाङ्मयात या शिकाऱ्यांचे चित्र एकट्याने राहणाऱ्या, आपल्या रायफलीला साजेसे काडतूस स्वतः घडविणाऱ्या कारागिराचे असते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. त्यांच्यासाठी पुनर्भरण हा एका मोठ्या कत्तलखान्यातील खर्च वाचविण्याचा मार्ग होता. त्यात कौशल्य होते; परंतु आनंदाचा प्रश्न तेथे गौण होता.

बार्लोचा अडकित्ता

याच सुमारास हत्यारांचा बाजार उभा राहिला. विंचेस्टरसारख्या बंदूक उत्पादकांनीही पुनर्भरणाची हत्यारे विकली, कारण ज्याला काडतूस भरता येते तो बंदूक अधिक वापरतो, हे त्यांनी ओळखले होते. मात्र या हत्याराला प्रसिद्धी दिली ती जॉन बार्लो यांनी. त्यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली.

आयडियलचे हत्यार समोर ठेवले तर मराठी माणूस त्याला अडकित्ताच म्हणेल. बिजागरीने जोडलेल्या दोन दांड्या, आणि त्यांच्या जबड्यात पुंगळी धरण्यासाठी घर. एका जागी जुनी टोपी काढायची, दुसऱ्या जागी नवी दाबून बसवायची, दारू मापट्याने घालायची आणि शेवटी दांड्या आवळून पुंगळीच्या तोंडात गोळी बसवायची. काही प्रकारांत गोळी ओतण्याचा साचाही दांड्यांच्या टोकाशी जोडलेला असे. एकच वस्तू खिशात घातली की सारा कारखाना बरोबर आला. या सोयीची किंमतही होती. वितळलेले शिसे दोन-चारदा ओतले की बिनलाकडी लोखंडी दांड्या हाताला चटके देत.

बार्लोंनी हत्याराबरोबर एक पुस्तिकाही विकली. 'आयडियल हँडबुक' या नावाने वारंवार निघणाऱ्या या प्रकाशनात मालाची यादी असे आणि गोळ्या, दारू, वंगण, नेम यांविषयीचे मार्गदर्शनही असे. कारखानदाराने ग्राहकाला वस्तू तयार करण्याचे ज्ञान छापून द्यावे, हे औद्योगिक युगात थोडे उफराटेच वाटते. कंपनी पुढे १९१० मध्ये मार्लिनकडे आणि अखेर १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेली. अडकित्ता मात्र थोड्याफार बदलांनिशी विसाव्या शतकात दीर्घकाळ विकला जात राहिला.

मेळ्यातील टेबल

पुनर्भरणातील आनंदाचे पहिले स्पष्ट दर्शन गवताळ मैदानात घडत नाही. ते घडते जर्मन स्थलांतरितांच्या नेमबाजी मंडळांत. मिलवॉकी, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत 'श्युत्सेन' या नावाने ओळखली जाणारी ही मंडळे रविवारी भरत. कुटुंबे येत, वाद्ये वाजत, बिअर असे, आणि २०० यार्डांवरील लक्ष्यावर उभ्याने नेम धरला जाई.

येथील अनेक कसलेले नेमबाज एकच पुंगळी घेऊन येत. मैदानामागील टेबलावर हत्यारे मांडलेली असत. एक बार झाला की तीच पुंगळी घ्यायची, टोपी काढायची, नवी बसवायची, दारू मोजून घालायची. गोळी पुष्कळदा पुंगळीत बसवीतच नसत. ती स्वतंत्रपणे नळीच्या आट्यांत हळुवार दाबून ठेवीत आणि मागून दारूभरली पुंगळी सरकवीत. नामांकित नळी-कारागीर हॅरी पोप (१८६१–१९५०) यांच्या पद्धतीत तर गोळी नळीच्या तोंडाकडून आणि पुंगळी मागून अशी भरणी होई. म्हणजे ठासणीची जुनी रीत अचूकतेसाठी पुन्हा स्वीकारली गेली. अशा रीतीने एका बारासाठी काही मिनिटे लागत, आणि त्याची कोणाला घाई नसे.

हे दृश्य या संपूर्ण इतिहासाचे मर्म आहे. या नेमबाजांना तयार काडतुसे परवडत नव्हती असे नाही. एकच पुंगळी वापरली की पुंगळ्यांमधील सूक्ष्म फरकांचा प्रश्नच मिटतो, हे तांत्रिक कारण खरे होते. परंतु त्याबरोबरच बाराचे श्रेय आणि दोष पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची इच्छाही त्यात होती. गोळी बाजूला गेली तर शिशात कथील कमी पडले काय, दारू सैल राहिली काय, की हात हलला, याचा शोध घेण्याची जागा त्या टेबलावर होती. मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान यांनी अशाच प्रश्नांमागे अनेक वर्षे घालवून १९०९ मध्ये गोळीच्या मार्गक्रमणावर ग्रंथ लिहिला. श्युत्सेन मंडळे मात्र पहिल्या महायुद्धातील जर्मनविरोधी वातावरणात ओसरली.

निर्धूर दारू आणि जोखीम

फ्रान्समध्ये पॉल व्हिएई यांनी १८८४ मध्ये निर्धूर दारू सिद्ध केली आणि काही वर्षांत ती सर्वत्र पसरली. काळी दारू स्वभावाने उदार होती. पुंगळी गोळीच्या बुडापर्यंत भरली की काम झाले. तीहून अधिक मावतच नसे. निर्धूर दारू जागा थोडी व्यापते आणि दाब फार मोठा निर्माण करते. नजरचुकीने एकाच पुंगळीत दोनदा माप पडले तर बंदूक फुटू शकते, हात जाऊ शकतो. त्यामुळे तराजू आला, दारू-उत्पादकांची छापील कोष्टके आली, आणि शेकोटीपाशी बसून गप्पा मारीत भरण्याचे दिवस संपले.

इंग्रज कारागीर व अध्यापक डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये कारागिरीचे दोन प्रकार मांडले. एकात फलित यंत्ररचनेनेच निश्चित केलेले असते. दुसऱ्यात ते कारागिराच्या लक्षावर, हातावर आणि निर्णयावर क्षणोक्षणी अवलंबून असते. दुसऱ्या प्रकारातील जोखीम पाय यांच्या लेखी भांडे वेडेवाकडे होण्याची किंवा लाकूड फाटण्याची आहे. पुनर्भरणात तीच कल्पना शब्दशः खरी होते. भरणाऱ्याला त्या बाराच्या मागे स्वतःचा चेहरा ठेवावयाचा असतो. हाताने काम करणारे हौशी पुनर्भरणकर्ते ज्या एकाग्रतेचे वर्णन करतात, तिला या जोखमीचा आधार आहे.

गॅरेजमधील अवकाश

१९३० च्या दशकातील मंदीत काटकसर म्हणून पुनर्भरणाला पुन्हा बहर आला. फिलिप शार्प यांचा या विषयावरील विस्तृत ग्रंथ १९३७ चा. दुसऱ्या महायुद्धात नागरिकांना काडतुसे मिळेनाशी झाली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी कौटुंबिक लॉन्ड्रीच्या मागील जागेत गोळ्या घडविण्याचे साचे करावयास प्रारंभ केला आणि त्यातून 'आरसीबीएस' ही हत्यारांची कंपनी उभी राहिली. युद्धानंतर कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू घाऊक घेऊन हौशी लोकांना विकली. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनमधील रिचर्ड ली यांनी एक अगदी साधा संच काढला. त्यात दाबयंत्र नाही, दांड्या नाहीत. पुंगळी साच्यात घालून हातोडीने ठोकायची आणि सळईने ठोकून बाहेर काढायची. आधी छऱ्याच्या काडतुसांसाठी असलेला हा संच लवकरच रायफल व पिस्तुलासाठीही मिळू लागला. नवी टोपी ठोकून बसविताना ती क्वचित कानाशीच फुटते आणि घरातील मंडळी दचकतात, ही त्याची ख्याती आहे. १९६६ पासून 'हँडलोडर' हे केवळ या विषयाला वाहिलेले नियतकालिक निघू लागले.

याच काळात दाबयंत्रे वेगवान होत होती. दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस बाहेर, अशी यंत्रे हौशी माणसाच्या आवाक्यात आली. ज्याला काटकसर हवी, त्याने ती घेणे तर्कसंगत होते. तरीही अडकित्ता आणि हातोडीचा संच विकत घेतला गेला. २०१३ आणि २०२० मधील काडतुसांच्या टंचाईत पुनर्भरणाकडे वळलेल्यांना गरज होती हे मान्य. परंतु टंचाई नसतानाच्या वर्षांत हे हत्यार कोण वापरतो, हा खरा प्रश्न आहे. पैसे वाचतात असे बहुतेक जण सांगतात. वास्तविक जो स्वस्तात भरतो तो अधिक झाडतो आणि खर्च होता तेथेच राहतो, हा विनोद त्यांच्यातच प्रचलित आहे.

स्टीव्हन गेल्बर यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात अमेरिकन छंदांविषयी महत्त्वाचा सिद्धांत मांडला. औद्योगिक समाजात छंद हा कामापासूनचा विसावा भासला तरी प्रत्यक्षात तो कामाचीच मूल्ये घरात आणतो; परिश्रम, शिस्त, काटकसर ही मूल्ये मोकळ्या वेळातही जपली जातात. गॅरेजमधील किंवा तळघरातील पुरुषाचे टेबल ही त्या विचारातील परिचित जागा होय. पुनर्भरणाला हा सिद्धांत बराच लागू पडतो. 'काटकसर' हे कारण पुढे करण्याची गरज का भासते याचे उत्तर त्यात मिळते, कारण निव्वळ आनंद हे कारण या मूल्यव्यवस्थेत पुरेसे मानले जात नाही. मात्र वेगवान साधन हाताशी असता संथ साधन का निवडले जाते, हे गेल्बर यांच्या मांडणीतून उलगडत नाही. तेथे पाय यांच्याकडे वळावे लागते. दाबयंत्रात अनेक क्रिया एका ओढीत घडतात आणि हाताला त्यांतील कोणतीच वेगळी कळत नाही. अडकित्त्यात टोपी घरात बसल्याचा किंचित धक्का बोटांना जाणवतो. पितळ कडक झाले असेल तर दांड्या आवळताना कळते. जुन्या कारागिरीत ज्ञान हातातून मनाकडे जाते असे आपण म्हणतो, त्याचे हे अगदी साधे उदाहरण आहे.

न करण्याची मुभा

यापुढे एक अडचण उरते. आनंदाचा हा उगम हाताच्या क्रियेतच असेल, तर ती क्रिया करणाऱ्या प्रत्येकाला तो मिळावयास हवा होता. तसे दिसत नाही.

१८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर काही आठवड्यांतच धातूची काडतुसे लढाऊ जमातींच्या हाती जाऊ नयेत यासाठी अमेरिकी काँग्रेसने ठराव केला. अमेरिकन सेनाधिकारी रिचर्ड डॉज यांनी १८८२ मधील ग्रंथात मैदानी जमातींच्या पुनर्भरणाची नोंद केली आहे. त्यांच्याकडे बार्लोचे हत्यार नव्हते, योग्य मापाच्या टोप्याही मिळत नव्हत्या. ते झाडलेल्या पुंगळ्या काळजीपूर्वक जपत आणि ठासणीच्या बंदुकीची साधी टोपी बुडाशी बसवून, दारू व गोळी घालून तीच पुंगळी पुन्हा वापरीत. कौशल्याच्या कोणत्याही कसोटीवर हे काम श्युत्सेन मंडळातील टेबलाइतकेच, कदाचित अधिक, कठीण होते. तरी डॉज यांच्या लेखी ती रिपूची चलाखी आहे. छंद तर नाहीच, कारागिरीही नाही. पुनर्भरणाच्या हौशी परंपरेत बायसनचा शिकारी पूर्वज म्हणून मिरविला जातो, हा कारागीर नाही.

बायसनचा शिकारी, मैदानी जमातीतील योद्धा, रविवारचा जर्मन नेमबाज आणि १९६० मधील गॅरेजवाला या चौघांच्या हातांची हालचाल जवळजवळ सारखीच आहे. यांतील शेवटच्या दोघांनाच ती आनंददायक झाली, कारण त्यांना हे काम न करण्याची मुभा होती.

आपल्याकडे या प्रश्नाचा एक प्रत्यक्ष दुवा आहे. १८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाल्यापासून काडतूस आपल्याकडे कारखान्याची आणि सरकारची वस्तू राहिले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. त्यामुळे अमेरिकेसारखा छंद येथे रुजण्याचा प्रश्न उद्भवला नाही. ठासणीची बंदूक मात्र सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत शेतसंरक्षणाच्या परवान्यावर टिकून आहे. रानडुकरे व वानरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी तेथील शेतकरी बार स्वतःच भरतो, आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पिकाची काळजी करीत बसतो. बार भरताना त्याला काय वाटते, वडिलांनी त्याला दारूचे माप कसे शिकविले, ठासणीचा गज किती जोराने दाबावा हे हाताला कधी कळले, हे त्याच्याच तोंडून नोंदविता येण्यासारखे आहे. त्या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पात हे काम करता येईल. त्यासाठी ध्वनिमुद्रक आणि पावसाळ्यानंतरचे दोन महिने पुरेसे आहेत.